अंडी वाचवायची की मोठी कासवं? मॉडेलला नेमकं काय विचारायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुमच्या गावात काही वर्षं ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या अंड्यांसाठी हॅचरी चालते, म्हणजे किनाऱ्यावरची अंडी आणून कुंपणाच्या आत पुरून राखतात. प्रकल्पासाठी आलेल्या एका विद्यार्थिनीने लॅपटॉपवर गणिती मॉडेल चालवून दाखवलं आणि सांगितलं, की अंडी वाचवल्याने कासवांची संख्या फारशी वाढत नाही, वाचवायची तर मोठी कासवं. झालं, गावात दोन तट पडले. आणि पुढच्या हंगामाचे पैसे कुठे घालायचे ते तुम्हाला ठरवायचं आहे.

वन्यजीवांच्या संख्येची मॉडेलं करणं आणि त्यावरून संस्थांना, वनाधिकाऱ्यांना सल्ला देणं हे माझं काम. म्हणून आधी सांगतो, ती मुलगी मनचं बोलत नाही. तिचं मॉडेल प्रसिद्ध आहे आणि त्याने एका देशाचा कायदा बदलायला हातभार लावला आहे. पण त्या मॉडेलला विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि तुमचा वेगळा आहे.

१९८७ साली डेबोरा क्राउझ, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या तिघांनी लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांचं मॉडेल मांडलं. बरेचसे आकडे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या लिटल कंबरलँड बेटावरच्या नोंदींतून आलेले. कासवाचं वय बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून त्यांनी वयाऐवजी आयुष्याचे सात टप्पे केले: अंडी आणि नुकती निघालेली पिल्लं, लहान कासवं, मोठी पण अजून वयात न आलेली कासवं, आणि असं करत नियमित अंडी घालणाऱ्या माद्यांपर्यंत. प्रत्येक टप्प्यात वर्षाला किती तगतात, पुढच्या टप्प्यात किती जातात आणि किती अंडी घालतात, हे आकडे एका चौकटीत मांडले. उत्तर आलं ०.९४५. म्हणजे संख्या दरवर्षी साडेपाच टक्क्यांनी घटते. अशी बारा वर्षं गेली की निम्मी.

मग त्यांनी एकेक आकडा हलवून पाहिला. अंडी आणि पिल्लं तगण्याचं प्रमाण ०.६७ होतं. ते थेट १ केलं, म्हणजे एकही अंडं वाया जात नाही असं मानलं, तरी घट थांबेना. उलट वयात न आलेल्या मोठ्या कासवांचं वर्षाला तगण्याचं प्रमाण ०.६८ वरून ०.७७ वर नेलं, की घट थांबली. तोवर सगळी मेहनत किनाऱ्यावरच्या घरट्यांवर चालली होती. मोठी कासवं मरत होती ती कोळंबीच्या ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढत न्यायच्या जाळ्यात, अडकून, बुडून. जाळ्याच्या गळ्याशी लोखंडी जाळी आणि कासवाला बाहेर पडायला झडप असं साधन (टेड) सक्तीचं करण्याच्या बाजूने हा मोठा पुरावा ठरला.

हे असं का होतं ते कागदावर करून पाहा, कॉम्प्युटर लागत नाही. समजा पिल्लू समुद्रात गेल्यावर मोठं व्हायला दहा वर्षं लागतात आणि दरवर्षी शंभरातली ऐंशी तगतात. ०.८ ला स्वतःनेच दहा वेळा गुणा. शंभरातली जेमतेम अकरा उरतात. आता ऐंशीच्या जागी पंच्याऐंशी घ्या. वीस उरतात. वर्षाला पाच टक्क्यांचा फरक, पण तो दहा वेळा लागू होतो, म्हणून शेवटी जवळजवळ दुप्पट. अंड्यांचा टप्पा आयुष्यात एकदाच येतो. अंडी फुटण्याचं प्रमाण साठवरून पासष्टवर नेलंत तर वाढ बाराला तेरा एवढीच. मोठ्या मादीचंही तसंच. दरवर्षी ऐंशी टक्के तगत असतील तर मादीला सरासरी पाच वर्षं मिळतात, नव्वद टक्के तगत असतील तर दहा. तेवढेच हंगाम जास्त अंडी.

तर मॉडेलला विचारलेला प्रश्न होता, ‘कुठला आकडा थोडासा हलवला तर वाढीचा दर जास्तीत जास्त हलतो?’ तुमचा प्रश्न आहे, ‘माझ्या हाती आहेत तेवढ्या पैशांत आणि माणसांत कुठला आकडा किती हलेल, आणि त्याने काय होईल?’ पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात खर्च नाही, गावाची ताकद नाही आणि तो आकडा आज कुठे उभा आहे हेही नाही. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, आणि भांडणात नेमकी तीच सुटते.

लॉगरहेडच्या त्या मॉडेलमध्ये अंडी आणि पिल्लं ६७ टक्के तगतच होती. तिथून शंभरावर गेलात तरी जेमतेम दीडपट. पण जिथे कुत्री, कोल्हे आणि माणसं मिळून जवळजवळ सगळी अंडी नेतात, तिथे पाच टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर जाणं म्हणजे बारापट. ऑलिव्ह रिडलेची सख्खी चुलत बहीण केम्प्स रिडले हिचं उदाहरण घ्या. मेक्सिकोच्या रांचो नुएव्होच्या किनाऱ्यावर १९४७ साली चित्रित झालेल्या एका फिल्मवरून एका दिवसात अंडी घालायला आलेल्या माद्यांचा अंदाज ४०,००० च्या आसपास काढला गेला. १९८५ च्या अख्ख्या हंगामात घरटी मिळाली ७०२. मधल्या काळात तिथून अंडी राजरोस नेली जात होती. १९६६ पासून घरट्यांना राखण मिळाली नसती, तर नंतर टेड लावून वाचवायला कासवं उरली असती की नाही याची मला शंका आहे. ती जात नीचांकावरून वर आली ती घरट्यांची राखण आणि टेड या दोन्हींमुळे. म्हणून ‘अंडी वाचवून काही होत नाही’ असं सरसकट वाक्य कोणी मॉडेलच्या नावावर खपवत असेल तर मान्य करू नका.

आता तुमच्यासारख्या गावाचा हिशेब. आकडे मी धरून चाललोय, तुमचे घालून पुन्हा करा. हंगामात २० घरटी, घरट्याला १०० अंडी, म्हणजे २,००० अंडी. हॅचरी नसती तर समजा दहा टक्के फुटली असती: २०० पिल्लं. हॅचरीत साठ टक्के फुटतात: १,२००. हॅचरीची कमाई १,००० पिल्लं. हजारात एक मोठं होतं असा सर्रास सांगितला जाणारा आकडा घेतला आणि त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या, तर तुमची हॅचरी दोन वर्षांत एक मोठी मादी समुद्राला देते. हजारात एक हा आकडा फारच निराशेचा वाटत असेल तर अडीचशेत एक घ्या. मग वर्षाला दोन माद्या.

त्याच वर्षात तुमच्या समोरच्या समुद्रात जाळ्यात अडकून एक मोठी मादी बुडाली, तर पहिल्या हिशेबाने दोन हंगामांची मेहनत गेली आणि दुसऱ्या हिशेबाने अर्ध्या हंगामाची. शिवाय तुमच्या पिल्लाची मादी होऊन परत यायला दहाबारा वर्षं तरी जातात, आणि आज वाचवलेली मादी याच नाहीतर पुढच्या हंगामात अंडी घालते. संख्या घटती असेल तर लवकर आलेल्या अंड्यांची किंमत जास्त.

आता त्यापुढचा, माझ्या मते खरा निर्णायक हिशेब. समजा पुढच्या वर्षी थोडे जास्त पैसे आले आणि ते हॅचरीतच घातले, नवं कुंपण, सावलीचं जाळं, आणखी एक पगारी माणूस, आणि प्रमाण साठवरून पंच्याहत्तरवर गेलं. जास्तीची पिल्लं ३००. हजारात एकाच्या हिशेबाने एक मादी मिळायला सहा-सात वर्षं. अडीचशेत एकाच्या हिशेबाने दोन वर्षांच्या आत. म्हणजे तेवढेच पैसे समुद्रात लावून सहा-सात वर्षांत एक, किंवा आशावादी आकड्याने दोन वर्षांत एकापेक्षा जास्त मोठी मादी वाचणार असेल, तर पुढचा रुपया समुद्रात गेला पाहिजे. मला तो पल्ला गाठण्याजोगा वाटतो. हॅचरी बंद करण्याचा सल्ला मात्र यातल्या कुठल्याच आकड्यातून निघत नाही. दहावरून साठवर नेण्याची पहिली कमाई मोठी आहे, ती राखायची. साठच्या पुढची कमाई महाग पडते. विद्यार्थिनी आणि हॅचरीवाले भांडतायत ते या दोन वेगळ्या रुपयांवरून, एवढंच.

यात परिस्थितीवर अवलंबून काय काय आहे? पहिलं, ‘हॅचरी नसती तर किती फुटली असती’ हा आकडा. मी दहा धरला. तुमच्याकडे कुत्र्यांचा त्रास नसेल आणि आता कोणी अंडी उकरत नसेल, तर जागेवरच ठेवलेली घरटीही पन्नास टक्के देतील, आणि मग अंडी हलवण्यात फारसं हशील नाही. हा आकडा अंदाजाने कधीच धरू नये. वनखात्याशी बोलून, सुरक्षित वाटणारी दोन-तीन घरटी जागेवरच, वर जाळी ठेवून राखून पाहा. दुसरं, तुमच्या समोर ट्रॉलर किती आणि कुठल्या महिन्यांत चालतात. तिसरं, जात. लॉगरहेडपेक्षा ऑलिव्ह रिडले लवकर वयात येते आणि अंडी घालायला जास्त वेळा येते, त्यामुळे जॉर्जियाचा ०.७७ कोकणात जसाच्या तसा आणू नका. हळू वाढणाऱ्या, दीर्घायुषी प्राण्यांत मोठ्यांच्या जगण्याला जोर जास्त, हा साचा बहुतेक टिकतो. आकडे टिकत नाहीत.

आणि चौथं, कासवं फक्त तुमच्या गावची नाहीत. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. त्यामुळे ‘आमच्या गावाची कासवसंख्या’ असं मॉडेल करण्यात अर्थ नाही. तुमच्या गावाने मोठ्या साठ्यात काय भर घातली आणि त्यातून काय जाऊ दिलं, एवढंच मोजता येतं. वर मी तेच केलं.

समुद्रातलं काम गावाच्या हातात नाही, ट्रॉलरचे मालक वेगळे, बंदर वेगळं, हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, आणि म्हणूनच मॉडेलचा जोर थेट निर्णयात उतरत नाही. पण काही गोष्टी हातात आहेत. एक तारखांची बाब बघा. आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै. अंडी घालायला माद्या येतात साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे माद्या किनाऱ्याजवळ असतात तेव्हा बंदी नसते आणि बंदी असते तेव्हा माद्या अंडी घालून गेलेल्या असतात. ओडिशाने गहिरमाथा, देवी आणि ऋषिकुल्या या ठिकाणी १ नोव्हेंबर ते ३१ मेपर्यंत किनाऱ्यालगत मासेमारी बंद ठेवलीय ती याचसाठी. तिथे लाखो कासवं एकत्र येतात, आपल्याकडे तुरळक. त्यामुळे सात महिन्यांची बंदी मागणं इथे न्यायाचं होणार नाही, आणि मच्छीमारांनी ती ऐकूनही घेऊ नये. पण जिथे घरटी दाट पडतात तेवढ्या टापूपुरतं, ठरावीक आठवड्यांत रात्री ट्रॉलरने किनाऱ्यापासून लांब राहायचं, हे तांडेलांशी (बोट चालवणाऱ्या प्रमुखांशी) बोलून होतं. किनाऱ्याजवळ यांत्रिकी ट्रॉलिंगला महाराष्ट्राच्या सागरी मासेमारी कायद्याने तसेही निर्बंध आहेत. जे आहे ते पाळलं गेलं तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट तर जवळजवळ फुकटची. जाळ्यातून निपचित आलेलं कासव मेलेलंच असतं असं नाही. पाण्याखाली गुदमरून ते बेशुद्ध पडतं, आणि तसंच परत टाकलं तर बुडून मरतं. त्याला उताणं न करता, पोटावरच, मागची बाजू वीतभर उचलून डेकवर ठेवायचं, म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं. अंगावर ओलं फडकं, उन्हातून बाजूला. किमान चार तास, लागले तर चोवीस. हलायला लागलं की इंजिन न्यूट्रलला घालून, जाळं पाण्यात नसताना, हळूच सोडायचं. दहा तांडेलांना हे नीट दाखवलंत आणि त्यातून वर्षाला एक मादी जरी वाचली, तरी वरच्या हिशेबात ती कुठे बसते ते तुम्हीच पाहा. कासव सोडवायला जाळं कापावं लागलं तर राज्य शासनाची २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना २०१८ पासून आहे. तिच्यासाठी फोटो आणि अर्ज लागतो, आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. तुमच्यातल्या एका कासवमित्राने बंदरावर बसून हे अर्ज भरून दिले, तर माझ्या दृष्टीने हॅचरीतल्या जास्तीच्या माणसापेक्षा तो माणूस जास्त कासवं वाचवेल.

‘टेड लावला की झालं’ असं मानणाऱ्यांसाठी अमेरिकेचाच पुढचा भाग सांगतो. मॉडेलने दिशा बरोबर दाखवली होती. टेड सक्तीचे झाले. तरी मोठी कासवं मरून किनाऱ्याला लागतच होती. मेलेल्या कासवांची मापं घेतल्यावर कळलं, की नियमात ठरवलेली झडप लहान होती. सर्वांत मोठी कासवं तिच्यातून जातच नव्हती. म्हणजे ज्यांच्या जगण्याला मॉडेलमध्ये सर्वाधिक जोर, त्यांच्यातलीच मोठी अडकत होती. २००३ मध्ये नियम बदलून झडप मोठी केली. हे कुठल्याही मॉडेलने सांगितलं नाही, टेप घेऊन वाळूत बसलेल्यांनी सांगितलं. त्यामुळे तुम्हाला विकत किंवा मिळवून घ्यायची एकच माहिती निवडायला सांगितली, तर मी घरट्यांच्या मोजणीच्या आधी वाहून आलेल्या मेलेल्या कासवांची वही निवडेन. मोठी माद्यांएवढी मरतायत की मधल्या वयाची, कुठल्या महिन्यात, अंगावर जाळ्याची खूण आहे का, यावरून पैसे कुठे घालायचे ते बदलू शकतं. ज्या माहितीने निर्णय बदलणार नाही ती गोळा करण्यात हौस भागते, पैसे जातात.

गावातल्या दोन तटांबद्दल. अमेरिकेत बदकांच्या शिकारीची मुभा दरवर्षी किती द्यायची यावर वर्षानुवर्षं असाच वाद होता. शिकारीमुळे बदकं खरंच कमी होतात, की तेवढी नाहीतरी हिवाळ्यात मेलीच असती? १९९५ पासून त्यांनी मॅलार्ड बदकांसाठी चार मॉडेलं शेजारी शेजारी ठेवली, वेगवेगळी मतं मांडणारी. दरवर्षी प्रत्येक मॉडेल पुढच्या वर्षीची संख्या सांगतं, मग प्रत्यक्ष मोजणी होते, आणि ज्याचा अंदाज जवळ त्याचं वजन वाढतं. एकमत होण्याची वाट बघत निर्णय थांबत नाही. तुम्हाला एवढं मोठं यंत्र नको. हंगामाआधी दोन्ही तटांकडून लिहून घ्या: जागेवर राखलेल्या घरट्यांतून किती टक्के पिल्लं निघतील, तांडेलांशी बोलणी झाल्यावर किती मेलेली कासवं लागतील. एप्रिल-मेमध्ये वही उघडा. दोन-तीन हंगामांत वाद बराच निवतो. एकाच हंगामावरून मात्र निकाल लावू नका. मेलेल्या कासवांतली थोडीच किनाऱ्याला लागतात, आणि ती किती लागतील हे वाऱ्यावर, प्रवाहांवर ठरतं.

हॅचरी ठेवायचीच आहे, तर तिच्याबद्दलही दोन शब्द, कारण पिल्लांची संख्या मॉडेलमध्ये घालताना आपण सगळी पिल्लं सारखी धरतो आणि ती तशी नसतात. कासवात नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण तीस अंश सेल्सिअसच्या आसपास निम्मे-निम्मे, त्याच्या वर जास्त माद्या, आणि आणखी वर गेलं की अंडी आतच मरतात. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात उघड्यावरची हॅचरी कदाचित माद्याच काढत असेल. सावलीचं जाळं काही ओळींवर घाला, काहींवर नको, आणि तापमापक पुरून रोज नोंद ठेवा. अंडी हलवायची तर घातल्यापासून थोड्या तासांत, न उलटवता. आणि पिल्लं बाहेर आली की सोडायची. पर्यटक सकाळी येणार म्हणून टबात ठेवलेली पिल्लं, लाटा ओलांडून खोल पाण्यात जायला लागणारी ताकद तिथेच हातपाय मारून संपवतात. वेळास गावाने २००६ पासून कासव महोत्सव चालवून दाखवलाय आणि त्यामुळे किनाऱ्याला राखण मिळते हे मला मान्य आहे. पण पाहुण्यांनी पिल्लांच्या वेळेला यावं.

घरट्यांच्या आकड्याबाबत एक सावधगिरी. घरटी वाढली म्हणजे कासवं वाढली असं लगेच म्हणू नका. एक मादी हंगामात एकाहून जास्त वेळा अंडी घालू शकते, आणि गस्त वाढली की पूर्वी न दिसलेली घरटी दिसू लागतात. किती रात्री, किती किलोमीटर, किती जण चालले हे घरट्यांच्या शेजारीच लिहा, म्हणजे निदान गस्तीमागे घरटी किती हे काढता येईल.

तुमच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण किती मेलेली कासवं लागतात, आणि हॅचरीत न आणलेल्या घरट्यांचं काय झालं, एवढं कळवलंत तर वरचाच हिशेब तुमच्या आकड्यांनी करून देतो. कवचाची लांबी शिवणकामाच्या टेपने, मानेकडून शेपटीकडे, कवचाच्या वळणावरून घ्या. दर वेळी एकाच पद्धतीने. कासव फुगलेलं असलं तरी मापात फारसा फरक पडत नाही. आणि माप घेऊन झाल्यावर कवचावर रंगाची रेघ मारा, नाहीतर भरतीने हललेलं तेच कासव दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाच्या वहीतही चढतं. कासव हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्युल एकमधला प्राणी आहे, त्यामुळे मेलेल्यालाही हात लावण्याआधी वनरक्षकाला फोन करायचाच.